हासनची बातमी, केआरएस रस्त्यावरची रांग

आम्ही मेटगळ्ळीत राहतो. जयदेव हृदयरोग संस्थेचं म्हैसूरचं रुग्णालय इथल्याच केआरएस रस्त्यावर आहे. जुलै २०२५ मध्ये तिथे सकाळपासून रांगा लागू लागल्या. शेजारच्या हासन जिल्ह्यात चाळीसेक दिवसांत वीसहून जास्त माणसं हृदयविकारानं गेल्याची बातमी फिरत होती, आणि त्यांत बरेच तरुण होते. रांगेतल्या ओळखीच्यांना मी विचारलं, 'छातीत दुखतंय का?' बहुतेक म्हणाले, 'नाही हो, व्हिडिओ बघितला.' २०२१ च्या ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार हृदयविकारानं गेले, तेव्हाही असंच झालं होतं.

हीच बातमी सांगलीकडच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचली तेव्हा तिच्यातली तारीख गेली होती, मग हासनही गेलं, आणि कोविडच्या लशीचा ठपका मात्र चिकटला. खुद्द कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी लशीबद्दल शंका बोलून दाखवलेली, मग इतरांना काय बोलायचं! या मृत्यूंवरचा, जयदेवच्या संचालकांच्या नेतृत्वाखालच्या समितीचा अहवाल त्याच महिन्यात आला. तपासलेल्या २४ मृत्यूंपैकी चार हृदयविकाराचे नव्हतेच. अचानक वाढ झाल्याचंही रुग्णालयांच्या नोंदींत दिसलं नाही. हा अहवाल आमच्या ग्रुपवर कुणीच टाकला नाही.

म्हणून पहिलं सांगणं: आकडा आला की 'कितीपैकी?' हे विचारा. २०११ च्या जनगणनेत हासन जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठरा लाख होती. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले, तरी चाळीस दिवसांत हजारावर माणसं जाणार, आणि आपल्या देशात साधारण चौथा हिस्सा मृत्यू हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांनी होतात. म्हणजे वीस हा आकडा फार नव्हता, फक्त तो कुणीतरी मोजत होतं. पण ज्या घरातला विशीतला मुलगा गेला, तिथे हे गणित मांडू नये. तिथे गप्प बसावं.

दुसरं, भर ग्रुपवर 'ही अफवा आहे' असं लिहू नका. लिहिणारा चिडतो, वाचणारे त्याची बाजू घेतात. फोन करा. माझ्या मावशीला केला, तर लशीचा विषय दोन मिनिटांत संपला. खरी काळजी वेगळीच निघाली: 'रक्तदाबाची गोळी आठवडाभर घेतली नाही रे, त्यानंच काही होतं का?' ते तिला ग्रुपवर लिहायचं नव्हतं. डॉक्टरांना आजच विचार, एवढंच मी म्हटलं. फॉरवर्डच्या मागे पुष्कळदा असा एक खासगी प्रश्न असतो, त्याचं उत्तर ग्रुपवर सापडत नाही.

तिसरी गोष्ट जास्त धोक्याची. रांगेतून परतलेले काहीजण ईसीजीचा फोटो टाकून 'सगळं नॉर्मल' लिहीत होते. आराम करताना काढलेला ईसीजी सरळ आला म्हणून रक्तवाहिनीत अडथळा नाही असं होत नाही. अशा फोटोखाली कौतुकाचे अंगठे नकोत. रक्तदाब, साखर, तंबाखू, घरात कुणाला कमी वयात झटका आला होता का, हे विचारा. यांतलं पुष्कळसं जवळच्या आरोग्य केंद्रातही तपासता येतं, आणि मोठ्या रुग्णालयाची रांग खऱ्या रुग्णासाठी मोकळी राहते.

लशीबद्दल विचारलं तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा (आयसीएमआर) अभ्यास सांगा: १९ राज्यांतली ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयाची माणसं. लशीमुळे आकस्मिक मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यातला आकस्मिक मृत्यू, बेसुमार दारू यांचा संबंध मात्र दिसला. नुसतं 'लस सुरक्षित आहे' म्हटलं तर कुणी ऐकत नाही. कुठे, किती जणांत पाहिलं, ते सांगितलं की ऐकतात.

आणि खोकत राहिलं की झटका थांबतो असं सांगणारा जुना संदेश दिसला, तर त्याच्याखाली वाद न घालता एवढंच लिहा: 'छातीवर दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, घाम, धाप असं काही झालं तर आधी १०८ ला फोन. मधुमेह्यांना आणि बायकांना कधी कधी नुसती धाप किंवा मळमळच होते. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.' वयस्कांसाठी हेच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, आणि म्हैसूरकडच्या शेजाऱ्यांसाठी कन्नडमध्येही.