ती ओरडली नाही म्हणून?

प्रश्न : परवा मैत्रिणीवर ओळखीतल्याच माणसानं बलात्कार केला. ‘मी ओरडले का नाही?’ असं ती स्वतःलाच विचारते. मी काय करू?

उत्तर : तिला आधी सांगा, ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे.’ भीतीनं शरीर गोठतं, आवाज फुटत नाही. ती संमती नव्हे. जखमा नाहीत म्हणून मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराच्या प्रकरणातले आरोपी पोलीस सुटले, तेव्हा देश पेटून उठला आणि १९८३ साली कायदा बदलला.

आज मात्र घाई उपचारांची. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. गर्भनिरोधक गोळीही जितकी लवकर तितकी बरी. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं मोफत उपचार करायलाच हवेत, एफआयआर नसला तरी. रुग्णालय पोलिसांना कळवतं. जबाब द्यायचा की नाही, हे तिला ठरवू द्या. तपशील खोदून विचारू नका. सोबत जा.