संगणकावरील जमाखर्च : दुव्याच्या घरांतील रंग व खुणा

शेवगांव तालुक्यांतील शेतकऱ्यास कापूस, तूर व ऊस यांचा जमाखर्च वहीऐवजीं संगणकावरील एक्सेलच्या शीटमध्यें ठेवतां येतो. वहींत जशी रोजकीर्द वेगळी व खतावणी वेगळी, तसेंच येथेंही एका शीटवर रोजची नोंद व दुसरीवर गोषवारा ठेवणें सोयीचें पडतें. गोषवाऱ्याच्या घरांत, म्हणजे सेलमध्यें, बरोबरीचें चिन्ह द्यावें, रोजकीर्दीतील घरावर टिचकी मारावी व एंटर दाबावें, म्हणजे दोन घरांत दुवा जोडला जातो. मूळ आंकडा बदलला कीं गोषवारा आपोआप बदलतो. सोय मोठी आहे. परंतु तींतील एक उणीव न ओळखल्यास पैशाचें नुकसान होऊं शकतें.

ती उणीव अशी कीं, दुव्यांतून आंकडा येतो, रंग येत नाहीं. समजा, एका शेतकऱ्यानें व्यापाऱ्यास कापूस घातला व ८०,००० रुपये येणें राहिले. त्यानें रोजकीर्दींत ती ओळ तांबडी केली. गोषवाऱ्यांत ८०,००० आले, पण काळ्या अक्षरांत. मार्चअखेरीस केवळ गोषवारा चाळणाऱ्यास ती रक्कम वसूल झालेली वाटेल. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वयें विकलेल्या मालाच्या किंमतीचा दावा सामान्यतः ३ वर्षांच्या आंत लावावा लागतो. सबब अशी विस्मृति महाग पडते.

तारखेचेंही असेंच होतें. ३१ मार्च २०२५ ही तारीख आधींच साध्या आंकड्यासाठीं ठरविलेल्या घरांत दुव्यानें आणल्यास तेथें ४५७४७ असें दिसतें. ही रक्कम नव्हे. १ जानेवारी १९०० या दिवसास १ हा अंक देऊन पुढें चाललेला तो दिवसांचा अनुक्रमांक होय. त्या घरास तारखेचें रूप दिलें म्हणजे तारीख पूर्ववत् दिसते.

याचें कारण सोपें आहे. प्रत्येक घरांत दोन गोष्टी निरनिराळ्या साठविलेल्या असतात : एक मूल्य, दुसरी त्याचें बाह्य रूप. सूत्र दुसऱ्या घराचें मूल्य तेवढें वाचतें. कारकुनानें खतावणींत आंकडा उतरविला, तरी तांबड्या शाईंत लेखणी बुडविल्यावांचून अक्षर तांबडें होत नाहीं, तसेंच हें समजावें.

यावर उपाय दोन आहेत. पहिला तात्पुरता. मूळ घर निवडून फॉरमॅट पेंटर या कुंचल्याच्या चित्रावर टिचकी मारावी व मग गोषवाऱ्यांतील घर निवडावें. रूप तेवढें उतरतें, दुवा कायम राहतो. पेस्ट स्पेशलमधील फॉरमॅट्स या पर्यायानेंही हेंच साधतें. परंतु ही नक्कल एकवारच होते. उद्यां मूळ ओळीचा तांबडा रंग काढला, तरी गोषवाऱ्यांतील रंग तसाच राहतो.

दुसरा उपाय कायमचा. रोजकीर्दींत ‘स्थिति’ असा एक स्तंभ वाढवावा व त्यांत प्रत्येक ओळीस ‘बाकी’ किंवा ‘वसूल’ असा शब्द लिहावा. रकमेप्रमाणें हा शब्दही दुव्यानें गोषवाऱ्यांत आणावा. नंतर दोन्ही शीटांवर, नोंदींच्या सर्व ओळी निवडून, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्यें न्यू रूल घ्यावा व सूत्राचा पर्याय निवडून नियम घालावा कीं, त्या ओळीच्या स्थितीच्या घरांत ‘बाकी’ असेल तर ओळ तांबडी व्हावी. सूत्रांत स्तंभाच्या अक्षरापूर्वीं डॉलरचें चिन्ह द्यावें, ओळीच्या अंकापूर्वीं देऊं नये. म्हणजे संपूर्ण ओळ रंगते व प्रत्येक ओळ आपापली स्थिति पाहते. पैसे आल्यावर रोजकीर्दींत ‘बाकी’चें ‘वसूल’ करतांच दोन्ही ठिकाणचा तांबडा रंग आपोआप जातो.

येथें दोन गोष्टी सांभाळाव्या. शब्द सर्वत्र एकसारखाच लिहिला पाहिजे. यासाठीं डेटा व्हॅलिडेशनमधून दोन शब्दांची यादी लावून ठेवावी, म्हणजे लिहिण्याऐवजीं निवडतां येतें. तसेंच स्थितीचें घर रिकामें ठेवूं नये, कारण रिकाम्या घराचा दुवा ० दाखवितो.

या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. नुसत्या हातानें दिलेल्या रंगाची बेरीज साध्या सूत्रानें होत नाहीं. शब्दावरून मात्र सम-इफ या सूत्रानें एकूण येणें बाकी क्षणांत निघते. व्यापारी, मजुरांस दिलेली उचल, सामाईक विहिरीच्या वीजबिलांतील भागीदाराचा हिस्सा, सर्वांस हीच रीत लागू पडते.

तात्पर्य, रंगावर हिशेब सोंपवूं नये. स्थिति शब्दांत नोंदावी व रंग त्या शब्दाच्या मागून येऊं द्यावा. ज्यांच्या शीटांत आज हातानें दिलेले रंग आहेत, त्यांनीं पुढील वर्षाचा हिशेब उघडण्यापूर्वीं प्रत्येक रंगीत ओळीपुढें स्थिति लिहून घ्यावी आणि गोषवारा मूळ नोंदीशीं एकदां ओळीनें ताडून पाहावा.