एक जागा आणि सहा ऋतु

चित्रकलेच्या तासाला "निसर्गचित्र काढा" असें सांगितलें कीं बहुतेक वह्यांत एकच देखावा उमटतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर आलेला अर्धा सूर्य, खालीं वळत जाणारी नदी, कांठावर एक झोपडी आणि एक नारळाचें झाड. डोंगर तपकिरी, झाड हिरवें, पाणी निळें. विरारच्या विद्यार्थ्याला खिडकींतून जीवदानीचा डोंगर दिसत असतो. पण त्याच्या वहींतला डोंगर तो नसतो. त्यानें काढलेलें चित्र पाहिलेलें नसून पाठ केलेलें असतें. पाठ केलेलें बाजूस ठेवून समोरचें पाहावयास कसें शिकावें, हा या लेखाचा विषय होय. त्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे तैलरंगांची पेटी घेऊन उघड्यावर बसणें, आणि वर्षभर पुनःपुन्हां त्याच जागीं बसणें.

उघड्यावर तैलरंगांत काम करण्याची रीत सर्वत्र पसरली त्यास अद्याप दोनशें वर्षें झालेलीं नाहींत. पूर्वी चित्रकार रंगाची पूड तेलांत घोटून घेत आणि तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत. ती पिशवी फुटे, रंग सुकून जाई. १८४१ मध्यें जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानें धातूच्या मऊ नळीचें पेटंट घेतलें. नळींतला रंग पुष्कळ दिवस ओला राहूं लागला आणि चित्रकाराला घराबाहेर पडणें सोपें झालें. त्याच्याही आधीं कांहीं धडपडे चित्रकार बाहेर जात असत. इंग्लंडमधील जॉन कॉन्स्टेबल यानें १८२१ व १८२२ या सालीं लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथें आकाशाचीं लहान लहान तैलचित्रें केलीं आणि त्यांतील पुष्कळांच्या मागें तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. फ्रान्समध्यें क्लोद मोने यानें १८९० व १८९१ मध्यें घराजवळच्या शेतांतील गंजी निरनिराळ्या वेळीं आणि निरनिराळ्या ऋतूंत रंगविल्या. उजेड बदलला कीं तो हातांतला कॅनव्हास खालीं ठेवी आणि त्या उजेडाचा दुसरा कॅनव्हास घेई.

आपल्या महाराष्ट्रांतही हा अभ्यास झाला आहे. १८५७ मध्यें मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून कलाशाळा निघाली. तींत शिकून आबालाल रहिमान हे आपल्या कोल्हापुरास परत गेले. पुढें शाहू महाराजांनीं त्यांस दरबारचे चित्रकार नेमिलें. १९३१ मध्यें त्यांचें निधन झालें. कोटितीर्थाचा तलाव, रंकाळा आणि त्यांतील संध्यामठ, पंचगंगेचा कांठ हे त्यांचे आवडीचे विषय. रोजच्या पाहण्यांतलीं तींच स्थळें ते निरनिराळ्या प्रहरीं पाहत राहिले, आणि पाण्यावरचें धुकें व कलत्या उन्हाचा रंग त्यांच्या चित्रांत उतरला. १९३८ मध्यें ऑस्ट्रियांतून मुंबईस आलेले वॉल्टर लँगहॅमर यांनीं येथील प्रखर उजेड तैलरंगांत रंगविला आणि त्या वेळच्या तरुण चित्रकारांस, सय्यद हैदर रझा यांच्यासारख्यांस, उत्तेजन दिलें. या सर्वांपासून घेण्यासारखा धडा एकच: जागा जवळची असावी आणि तेथें वारंवार जावें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. विरार साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. त्यामुळें १७ मेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि माडाची सावली बुंध्यापाशीं गोळा होते. जूनमध्यें सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेस जातो, म्हणून मध्यान्हींची सावली दक्षिणेकडे पडते. जुलैच्या अखेरीस तो पुन्हां डोक्यावर येतो, पण तेव्हां ढगांमुळें क्वचितच दिसतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो मध्यान्हींही ४७ अंशांच्या आसपासच राहतो, आणि माडाची सावली जवळजवळ माडाएवढीच लांब उत्तरेकडे पसरते. भूगोलांतला हा धडा चित्रकाराला रोज उपयोगी पडतो. मेमध्यें भरदुपारीं काढलेलें चित्र सपाट दिसतें, कारण उजेड वरून पडल्यामुळें वस्तूंची उजळ बाजू आणि काळोखी बाजू वेगळी दिसत नाहीं. डिसेंबरांत तीच वाडी दुपारींही उठावदार दिसते.

ग्रीष्मांत जीवदानीचा डोंगर हिरवा नसतो. सुकलेलें गवत आणि उघडा कातळ यांचा रंग पिवळी माती, थोडा गेरू आणि पांढरा मिळून होतो. हवेंत धूळ व बाष्प असल्यामुळें पलीकडचे तुंगारेश्वराचे डोंगर फिकट जांभळे दिसतात. मिठागरांतल्या मिठाच्या राशी पांढऱ्याच, असें आपण समजतों. परंतु सायंकाळीं नीट पाहिलें तर त्यांची उन्हाची बाजू केशरी आणि सावलीची बाजू निळसर असते. सावलींत सूर्याचा उजेड पोंचत नाहीं, निळ्या आकाशाचा पोंचतो, हें त्याचें कारण.

वर्षा ऋतूंत मृगाचा पाऊस पडला कीं हवेंतली धूळ बसते, आणि काल दूर वाटणारा डोंगर जवळ सरकल्यासारखा दिसतो. येथें हिरव्या रंगाची परीक्षा असते. भाताच्या कोवळ्या रोपाचा हिरवा पिवळसर, केळीचा निराळा, माडाचा काळपट. नळींतला तयार हिरवा यांपैकीं एकाशींही जुळत नाहीं. निळा व पिवळा मिसळून त्यांत कणभर तांबडा घालावा आणि समोर पाहून पुनः पारखावें. आवणीच्या वेळीं पाण्यानें भरलेल्या खाचरांत आकाश दिसतें. त्या हिरव्यांत वाकलेल्या एखाद्या बाईचें तांबडें लुगडें दुरूनही डोळ्यांत भरतें; कारण तांबडा व हिरवा हे परस्परविरोधी रंग शेजारीं आले म्हणजे दोन्ही अधिक तेजस्वी भासतात.

शरदांत आकाश धुतल्यासारखें निळें होतें आणि भात सोनेरी होऊं लागतें. कापणीनंतर खळ्यावर भाताच्या उडव्या रचल्या जातात. मोनेला जो विषय मिळाला तोच आपल्याला घराशेजारीं मिळतो. हेमंत व शिशिर या ऋतूंत पहाटे धुकें पडतें. तेव्हां जवळचे माड गडद, त्यामागचे फिकट आणि त्याहून मागचे आकाशांत विरून गेलेले दिसतात. अंतर कसें दाखवावें हें शिकण्यास याहून चांगला धडा नाहीं. वसंतांत पांगारा आणि सावर पानें टाकून लाल फुलांनीं बहरतात. झाड म्हणजे हिरवें, ही आपली समजूत तेथेंच संपते.

समुद्राकडे जाणाऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें जाते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून, १७३७ मध्यें मराठ्यांनीं घेतलेला बेटावरचा किल्ला सकाळीं नऊ वाजतां काढावयास घेतला आणि आठवड्यानें त्याच वेळीं गेलें, तर भरतीच्या जागीं ओहोटी असते. सुमारें पंधरवड्यानें पाणी पुन्हां जुळतें. अमावास्येस व पौर्णिमेस भरती दुपारीं बारा-एकच्या सुमारास येते. कोळी बांधव तिथीवरून भरतीचा अंदाज सहज सांगतात. पेटी उचलण्यापूर्वी पंचांग पाहणें हेंही चित्रकाराच्या शिस्तींत येतें.

आतां साधनांविषयीं. आरंभीं आठ इंच रुंद व दहा इंच लांब असा अस्तर दिलेला पुठ्ठा पुरे. पांढरा, फिका पिवळा, पिवळी माती, तांबडा, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर असे सहा रंग, दोन-तीन चपटे कुंचले, टर्पेंटाइन, जवसाचें तेल आणि जुनीं फडकीं एवढें साहित्य असावें. पुठ्ठ्यावर ऊन पडूं देऊं नये. उन्हांत रंगविलेलें चित्र घरांत आणल्यावर काळवंडलेलें दिसतें. प्रथम डोळे अर्धवट मिटून मोठे गडद भाग पाहावे आणि टर्पेंटाइननें पातळ केलेल्या रंगानें ते मांडावे. मग मधल्या छटा, आणि शेवटीं उजळ जागा जाड रंगानें. दीड तासाहून अधिक एका चित्रावर बसूं नये. तोंवर सावल्या सरकलेल्या असतात आणि चित्रांत दोन वेळा मिसळतात.

तैलरंग पाण्याच्या रंगाप्रमाणें वाफ होऊन सुकत नाहींत. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, आणि दमट हवेंत हें काम फार सावकाश चालतें. म्हणून श्रावणांत घाई न करितां चित्र वारा येईल अशा जागीं ठेवावें. खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत अधिक, हा नियम मोडूं नये. मोडल्यास वरचा थर आधीं सुकतो, खालचा मागाहून हलत राहतो आणि पुढें चित्राला भेगा पडतात. तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून ठेवूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेऊं शकतात. तीं पसरून वाळवावीं. उरलेलें टर्पेंटाइन विहिरींत किंवा बावखलांत कदापि टाकूं नये.

पालकांपैकीं कोणी विचारतील, या उद्योगानें मुलाचा लाभ काय? एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांस डोळ्याची ही तयारी उपयोगी पडतेच. परंतु त्याहून मोठा लाभ असा कीं, जो मुलगा अथवा मुलगी "झाड कसें असतें" हें सोडून "हें झाड या घटकेस कसें दिसतें" असें विचारूं लागते, तिला ऐकींव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतला भेद कळूं लागतो. हा भेद विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत, इतिहासाच्या अभ्यासांत आणि पुढें संसारांतही पावलोपावलीं लागतो.

दुसरा लाभ गांवाचा आहे. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ मध्यें पालघर जिल्हा झाला. वस्ती झपाट्यानें वाढली. पुष्कळ खाचरांच्या व वाड्यांच्या जागीं आज इमारती उभ्या आहेत. राहावयास घरें लागतात, हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु घरांतील वृद्ध माणसें "येथें आमचें शेत होतें" एवढेंच सांगूं शकतात. कार्तिकांतल्या सकाळीं त्या शेतावर कोणता रंग असे, हें त्यांस शब्दांत सांगतां येत नाहीं. त्या काळीं तेथें बसून कोणी लहानसें चित्र केलें असतें, तर तें आज त्यांच्या नातवंडांस दाखवितां आलें असतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, घरापासून चालत जातां येईल अशी एक जागा निवडा. जीवदानीचा पायथा, आगाशीची एखादी वाडी, अर्नाळ्याचा किनारा, किंवा घराची गच्ची, कोणतीही चालेल. वडील माणसांस सांगून, शक्य तर सोबत्यास घेऊन जा. महिन्यास एक याप्रमाणें वर्षांत बारा चित्रें करा. प्रत्येकाच्या मागें जागा, तारीख, वेळ, वारा आणि किनारा असल्यास तिथीही लिहा. बारांतलीं बरींचशीं मनासारखीं होणार नाहींत. तींही टाकूं नका. वर्षाच्या शेवटीं सर्व चित्रें भिंतीशीं ओळीनें मांडून आईवडिलांस दाखवा. पालकांनीं त्यांतील एक भिंतीवर लावावें आणि उरलेलीं अकरा कोरड्या जागीं जपून ठेवावीं.