दोन वाजता म्हणजे नक्की किती वाजता?



"आफ्रिका म्हटलं की काय आठवतं?" असं वर्गात विचारून बघा. ऊन, वाळवंट, सिंह, जंगल अशी उत्तरं येतील. हीच उत्तरं डोक्यात घेऊन मी ऑक्टोबर २०१२ मध्ये इथिओपियात शिकवायला गेले. बॅगेत सगळ्या सुती साड्या. आणि पहिल्या रात्री डेब्रे ताबोर गावात दोन ब्लँकेटं घेऊनही कुडकुडत झोपले!

डेब्रे ताबोर हे इथिओपियाच्या उत्तरेकडच्या पठारावरचं, ताना सरोवराच्या पूर्वेचं गाव. उंची साधारण २७०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटर वर तिथली माणसं शेती करतात, बाजार भरवतात, शाळेत जातात. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. माझी तूरडाळ पातेल्यात दोन तास ठेवली तरी कच्चीच राहायची. शेवटी कुकर आणवला तेव्हा वरण जमलं. हवेचा दाब आणि उत्कलनबिंदू मी कितीतरी वर्षं फळ्यावर शिकवला होता, पण खरा कळला तो तिथल्या चुलीपुढे.

आता मुख्य गोष्ट सांगते. पहिल्याच महिन्यात मी वर्गात जाहीर केलं, "उद्या दोन वाजता चाचणी." दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला गेले तर वर्ग रिकामा. अर्धा तास वाट पाहिली. राग आला. हजेरीपटावर सगळ्यांची गैरहजेरी मांडली आणि गुणांच्या रकान्यात शून्य.

पुढच्या दिवशी वर्गप्रमुख मुलगा खाली मान घालून म्हणाला, "टीचर, आम्ही दोन वाजता आलो होतो." मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस." तो गप्प बसला.

स्टाफरूममध्ये तक्रार केली तेव्हा एका सहकाऱ्याने माझं घड्याळ पाहिलं आणि हसून म्हणाला, "मॅडम, आमचे दोन म्हणजे तुमचे सकाळचे आठ." तिथे दिवस मोजतात तो सूर्य उगवल्यापासून. सकाळचे सात म्हणजे एक, आठ म्हणजे दोन, दुपारचे बारा म्हणजे सहा. मुलं सकाळी धुक्यात येऊन व्हरांड्यात दहापर्यंत बसली होती. काही मुली तासभर चालत आल्या होत्या. आणि मी त्यांना शून्य दिलं होतं, वर खोटं ठरवलं होतं.

मी वर्गात जाऊन सगळ्यांची माफी मागितली, शून्यं खोडली, चाचणी पुन्हा घेतली. त्या मुलाची वेगळी माफी मागितली. तो फक्त "हं" करून श्वास आत ओढल्यासारखा आवाज काढला. मला वाटलं, दचकला. नंतर कळलं, तिथे "हो" असंही म्हणतात!

त्या दिवसापासून मी उत्तर चूक ठरवण्याआधी विचारायला शिकले. मग बरंच काही दिसायला लागलं. माझ्या रुजू झाल्याच्या कागदावर २००५ साल होतं. ती टायपिंगची चूक नव्हती. त्यांचं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. शके आणि अधिक मास पाळणाऱ्या आपल्याला यात नवल का वाटावं?

बालवर्गाच्या भिंतीवरचा अक्षरतक्ता पाहिला आणि हरखले. ३३ मूळ अक्षरं, प्रत्येकाची स्वरांनुसार सात रूपं, एकूण २३१. ही तर त्यांची बाराखडीच! बुधवारी-शुक्रवारी उपास, म्हणजे मांस, दूध, अंडी बंद. त्या दिवशी खानावळीत माझी चंगळ. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली इंजेरा आपल्या आंबोळीची मोठी बहीण, आणि सोबतचं शिरो म्हणजे जवळपास पिठलंच.

गल्लीतली पोरं मला पाहून ओरडायची, "फरेंज! फरेंज!" हा शब्द आणि आपला "फिरंगी" एकाच मुळातले. आयुष्यभर दुसऱ्यांना फिरंगी म्हणणारी मी तिथे फिरंगी झाले होते. ते बरंच झालं. कारण आपल्या वर्गात दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या बोलीतून नवं मूल येतं, तेव्हा तेही असंच एकटं असतं. ते "चुकतं" तेव्हा कधीकधी त्याचं घड्याळ फक्त वेगळं असतं.

मुलांसाठी उपक्रम:

१. इथिओपियातल्या पद्धतीने तुमच्या शाळेचं वेळापत्रक लिहा. मधली सुट्टी किती वाजता येते?
२. उंचावर डाळ शिजायला वेळ का लागतो? आईबाबांना कुकर दाखवून समजावून सांगा.
३. वर्गातल्या नव्या मित्राला विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" असे पाच शब्द वहीत लिहा.

पालकहो, तिसऱ्या उपक्रमात तुम्हीही भाग घ्या. शेजारी नवं कुटुंब आलं असेल तर सुरुवात तिथूनच करा.