मुक्या रुग्णांचा वैद्य

आपण आजारी पडलो, की वैद्याला आपले दुखणे सांगतो. पोटात कळ येते, डोके ठणकते, एवढे ऐकले म्हणजे त्याचे निम्मे काम होते. परंतु ज्याच्या रुग्णाला वाचाच नाही, त्या वैद्याने काय करावे?

मुलांनो, कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळ्याच्या डोंगरउतारावरील एखादी वाडी डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्याची रात्र आहे. गोठ्यात विजेरीच्या उजेडात एक म्हैस पडून आहे. दोनच दिवसांपूर्वी ती व्याली. आता तिला उठवत नाही; मान तिने कुशीकडे वळवली आहे आणि वैरणीला तोंड लावलेले नाही. या घराला तिच्या दुधाचाच आधार. दूध संस्थेकडून मिळणाऱ्या पैशांतून घरात मीठमिरची येते, मुलांची वह्यापुस्तके येतात. म्हणून घरातील आजी पदराने डोळे टिपीत म्हशीच्या कपाळावरून हात फिरवीत बसली आहे.

इतक्यात पावसात भिजत जनावरांचे डॉक्टर येतात. ते म्हशीला काही विचारीत नाहीत. पण तिचे सारे अंगच त्यांच्याशी बोलू लागते. कान हाताला गार लागतात. नाकाचा शेंडा कोरडा आहे. रवंथ थांबले आहे. डॉक्टर ओळखतात, की हा दुग्धज्वर! नावात ज्वर असला, तरी या विकारात अंग तापत नाही, उलट गार पडते. व्याल्यावर दूध वेगाने उतरू लागते आणि रक्तातील कॅल्शियम त्या दुधावाटे निघून जाते. त्याच्यावाचून स्नायूंचे बळ सरते. वेळीच उपचार झाला नाही, तर जनावर दगावते.

डॉक्टर शिरेतून कॅल्शियमचे औषध हळूहळू सोडतात. त्यांचा एक हात बाटलीवर आणि लक्ष हृदयाच्या ठोक्यांकडे असते. कारण हे औषध घाईने दिले, तर हृदयच बंद पडावयाचे. काही वेळाने म्हशीच्या अंगावर थरकाप उठतो. ती मान सरळ करते आणि अखेर धडपडत उभी राहते. आजी हात जोडून म्हणते, "म्हस न्हवं डाक्टर, माझं घर उभं केलंसा बघा!"

अशा प्रसंगांत केवढे नाट्य भरलेले असते, हे इंग्लंडमधील एका पशुवैद्याने जगाला दाखवून दिले. त्यांचे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट. यॉर्कशायर परगण्यातील थर्स्क गावी ते १९४० पासून गुराढोरांवर उपचार करीत. पुढे जेम्स हेरियट या टोपणनावाने त्यांनी आपले अनुभव लिहिले. १९७० साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'त्यांना बोलता आले असते तर!' असा आहे. या लेखनावरून बीबीसीने १९७८ मध्ये दूरचित्रवाणी मालिका सुरू केली आणि १९९० पर्यंत तिचे ९० भाग झाले. तिच्यात लढाया नव्हत्या, राजवाडे नव्हते. होता तो चिखल, थंडी, अडलेली गाय आणि चिंतातुर शेतकरी. तरीही लोकांनी ती आवडीने पाहिली.

एकेका गोठ्यातील या विजयाहून मोठा विजयही पशुवैद्यांच्या नावावर आहे. बुळकांडी हा रोग पूर्वी गावोगावचे गोठे ओस पाडी. भारतात १९५४ साली त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. लस घेऊन डॉक्टर व त्यांचे सहकारी वाड्यावस्त्यांवर फिरले. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग होय.

बेंदराच्या सणाला आपण बैलांची शिंगे रंगवतो, त्यांना पुरणपोळी भरवतो. ते प्रेम एका दिवसापुरते नसावे. आपले जनावर वैरण खाते का, रवंथ करते का, हे रोज न्याहाळावे. जो लक्ष देऊन पाहतो, त्यालाच मुक्यांची भाषा कळते.

स्वाध्याय

१. डॉक्टरांनी म्हशीचा आजार कोणत्या खुणांवरून ओळखला?
२. 'माझं घर उभं केलंसा' असे आजी का म्हणाली?
३. तुमच्या परिसरातील एका जनावराचे आठवडाभर निरीक्षण करून दहा ओळी लिहा.