कोळसा संपलेल्या शहरात शिकायला जावं का?

जर्मनीतल्या विद्यापीठांची प्रवेशपत्रं यायला लागली की अनेक मराठी घरांत एकच वाद सुरू होतो. मुलीला किंवा मुलाला बोखुम, डॉर्टमुंड किंवा डुइसबुर्गला एमएस्सीसाठी प्रवेश मिळालेला असतो. आईबाबा मोबाइलवर शहराचं नाव टाकतात आणि समोर येतात बंद खाणी, गंजलेल्या भट्ट्या, कुलूप लागलेली दुकानं. त्यात कुणी नातेवाईक सांगतो, "अहो, तो तर जर्मनीतला सगळ्यात गरीब भाग." मग प्रश्न पडतो की एवढा पैसा ओतून लेकराला असल्या गावात पाठवायचं का? त्यापेक्षा वर्षभर थांबून म्युनिक किंवा स्टुटगार्टसाठी पुन्हा प्रयत्न केलेला काय वाईट?

माझं मत आधीच सांगतो. विद्यापीठ सरकारी असेल, मुलाचा विषय तिथे बळकट असेल आणि जर्मन शिकायची त्याची मनापासून तयारी असेल, तर जरूर जावं. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर पुन्हा विचार करावा. शहर देखणं आहे की उदास, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो या तिन्हींनंतर येतो.

हा भाग असा का झाला?

बोखुम, डॉर्टमुंड आणि डुइसबुर्ग ज्यात येतात, त्या रूर नदीच्या परिसरात ५३ गावं आणि शहरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. वस्ती पन्नास लाखांहून जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी सावरला, तो बराचसा इथल्या कोळशाच्या आणि पोलादाच्या जोरावर. १९५०च्या दशकात इथल्या खाणींत पाच लाखांच्या आसपास माणसं काम करत होती. १९५८पासून बाहेरचा स्वस्त कोळसा आणि खनिज तेल यांच्यापुढे या खाणी टिकेनात. एकेक करत त्या मिटत गेल्या. बोट्रोपमधली प्रॉस्पर-हानिएल ही शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली.

कारखान्यांचीही तीच गत झाली. नोकियाने बोखुममधला कारखाना २००८मध्ये बंद केला, ओपेलने तिथलं मोटारींचं उत्पादन २०१४च्या अखेरीस थांबवलं. डॉर्टमुंडच्या फिनिक्स पोलाद कारखान्याची धग २००१मध्ये विझली. तिथली यंत्रसामग्री सुटी करून चीनला नेली आणि त्या जागी आता एक मोठा तलाव आहे.

मुंबईचं गिरणगाव ज्यांनी पाहिलं, त्यांना यातली वेदना वेगळी सांगायला नको. १९८२च्या संपानंतर आपल्याकडे गिरण्या गेल्या आणि कामगार वाऱ्यावर सुटला. रूरमध्ये मात्र खाणी मिटायला साठ वर्षं लागली, कारण सरकारने अनुदान देऊन ती प्रक्रिया लांबवली आणि दरम्यान पुढच्या पिढीची सोय केली. १९६०च्या सुमारास एवढ्या मोठ्या वस्तीत एकही विद्यापीठ नव्हतं. बोखुमचं रूर विद्यापीठ १९६५मध्ये सुरू झालं, डॉर्टमुंडचं १९६८मध्ये. डुइसबुर्ग आणि एसेन इथल्या संस्था १९७२च्या, त्या २००३मध्ये एकत्र आल्या. ही विद्यापीठं या पडझडीवरचा उपाय म्हणूनच काढलेली आहेत. म्हणून शहराचा चेहरा पाहून विद्यापीठाची पत ठरवू नका.

विषय कुठे बळकट आहे, ते पाहा

बोखुमचंच उदाहरण घ्या. सायबर सुरक्षेच्या अभ्यासात या शहराचं नाव युरोपात आदराने घेतलं जातं. रूर विद्यापीठातली होर्स्ट ग्योर्त्झ संस्था २००२पासून याच विषयावर काम करते आहे, आणि २०१९मध्ये माक्स प्लांक संस्थेने सुरक्षा आणि गोपनीयता या विषयाचं आपलं नवं केंद्र बोखुममध्येच काढलं. ओपेलच्या मोटारी जिथे जोडल्या जायच्या, त्या जमिनीवर आज डीएचएलचं पार्सल केंद्र आहे आणि विद्यापीठातून जन्मलेल्या, पुढे बॉश समूहाने घेतलेल्या एका सायबर सुरक्षा कंपनीचं कार्यालयही आहे. पार्सल उचलायचं काम आणि कूटलेखनाचं काम एकाच आवारात मिळतं. आपल्या मुलाला यातलं कोणतं मिळणार, हे बऱ्याच अंशी त्याने निवडलेला विषय आणि तिथे काढलेली दोन वर्षं ठरवतात.

डॉर्टमुंडला ऑटोमेशन, रोबोटिक्स, केमिकल इंजिनिअरिंग आणि संख्याशास्त्र हे विषय चांगले आहेत. मालवाहतूक आणि गोदाम व्यवस्थापनावर संशोधन करणारी फ्राउनहोफर संस्था तिथेच आहे आणि विद्यापीठाला लागून असलेल्या टेक्नॉलॉजी पार्कमध्ये शेकडो कंपन्या आहेत. ऊर्जा क्षेत्रात जायचं असेल तर ई.ऑन आणि आरडब्ल्यूई, रसायन उद्योगात जायचं असेल तर एव्होनिक, या तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं शेजारच्या एसेनमध्ये आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'पोलादाचा प्रदेश आहे, तर धातुशास्त्राला नोकऱ्या असतीलच', असं गृहीत धरू नका. थिसेनक्रुपने नोव्हेंबर २०२४मध्ये आपल्या पोलाद विभागातल्या ११,००० नोकऱ्या कमी करण्याची किंवा दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवण्याची योजना जाहीर केली. मोटारीचं डिझाइन हेच ध्येय असेल तर स्टुटगार्टचा परिसर जास्त सोयीचा. नाव ऐकलेलं आहे म्हणून शहर निवडणं जितकं चूक, तितकंच प्रवेश मिळाला म्हणून विषय ओढूनताणून जुळवणंही चूक.

नोकरी शेजारच्या शहरात असते

अशा शहराचा विचार करताना ते एकटं पाहायचं नाही. नकाशावर विद्यापीठापासून रेल्वेने पाऊण ते सव्वा तासाचं अंतर धरा आणि त्या टप्प्यात किती कंपन्या येतात, ते मोजा. बोखुमहून एसेन दहा-बारा मिनिटांवर, ड्युसेलडॉर्फ सुमारे पाऊण तासावर आणि कोलोन तासाभराच्या थोडं पुढे आहे. जर्मन रेल्वे वेळेवर धावते, हा आपल्याकडचा समज मात्र जुना झाला. गाड्या उशिरा येतात, रद्दही होतात. पण गाड्यांची संख्या भरपूर असल्याने एका शहरात राहून दुसऱ्यात काम करणारे लाखो लोक तिथे आहेत.

हीच कसोटी पूर्व जर्मनीतल्या खेम्निट्सला लावली, तर उत्तर वेगळं येतं. १९९०नंतर तिथलेही कारखाने बसले, माणसं निघून गेली. विद्यापीठ चांगलं, घरं स्वस्त. पण लाइपझिग किंवा ड्रेस्डेन गाठायला तासभर लागतो आणि त्या टप्प्यातल्या कंपन्या रूरच्या मानाने कमी. यंत्रनिर्मितीच्या विद्यार्थ्याला ते शहर चालेल, डेटा सायन्सच्या विद्यार्थ्याने दहादा विचार करावा.

पैशाचं गणित

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. आता दोन शहरांचा हिशोब मांडून पाहा.

म्युनिकमध्ये खासगी घरातल्या एका खोलीला ७५० युरो पडले, असं धरा. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा साधारण १४५. उरले शंभराच्या आत, आणि त्यात महिनाभराचं जेवण भागवायचं. शिवाय म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांकडून सत्राला हजारो युरो फी घेतं.

बोखुमच्या वसतिगृहात खोली ३५० युरोला मिळाली, विमा तोच १४५, तर जवळजवळ ५०० युरो उरतात. रूर ज्या राज्यात येतं, त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. सत्राला तीन-साडेतीनशे युरोंच्या आसपास वर्गणी भरावी लागते आणि त्यात प्रवासाचा पासही येतो.

हे जे चारशे युरो वाचतात, त्यांचा खरा उपयोग पालकांच्या चटकन लक्षात येत नाही. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. महाग शहरात हे दिवस गोदामात, हॉटेलात, सायकलवरून जेवण पोचवण्यात जातात. स्वस्त शहरात त्यातला बराचसा वेळ वाचतो आणि तो दोन ठिकाणी लावता येतो. एक, विषयाशी संबंधित अर्धवेळ काम, ज्याला तिथे वेर्कश्टुडेंट म्हणतात. असं काम मिळायला चार-सहा महिने लागू शकतात. हाती पैसे असतील तरच तेवढी वाट पाहता येते. दोन, जर्मन भाषा.

इथे भाषेशिवाय निभाव नाही

बर्लिनच्या नवउद्योगांत निव्वळ इंग्रजीवर नोकरी मिळालेली मुलं असतात. रूरमध्ये तसं क्वचित घडतं. इथल्या बहुतेक मध्यम कंपन्यांचा कारभार, बैठका आणि ईमेल जर्मनमध्ये चालतात. अभ्यासक्रम इंग्रजीत, खोलीतले सोबती भारतीय, रात्री वरणभात आणि हिंदी मालिका, अशी दोन वर्षं सहज निघून जातात. पदवी हाती येते तेव्हा जर्मन ए-टू या प्राथमिक पातळीच्या पुढे सरकलेलं नसतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांची मुदत मिळते. भाषा त्या मुदतीत शिकायला सुरुवात करणाऱ्याची फार ओढाताण होते. जर्मनीत सध्या नोकऱ्यांची तंगी आहे, तेव्हा तर जास्तच.

पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. निघण्यापूर्वी ए-टू पूर्ण करा, शक्य असेल तर त्यापुढची बी-वन पातळी. तिथे गेल्यावर विद्यापीठाचे भाषावर्ग पहिल्याच सत्रात लावा.

राहणं कसं असतं?

बोखुमच्या मुख्य स्थानकावर उतरून यू-३५ गाडी धरली की काही मिनिटांत विद्यापीठ येतं. समोर करड्या काँक्रीटच्या एकसारख्या उंच इमारती. इमारतींना नावं नाहीत, अक्षरं आहेत. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण तिथे चुकतो. डिसेंबरमध्ये साडेचारलाच अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद. पहिला हिवाळा जड जातो. मुलाचा आवाज फोनवर उतरलेला वाटला तर 'अभ्यास कर म्हणजे बरं वाटेल' एवढ्यावर सोडू नका. विद्यापीठात समुपदेशनाची सोय असते, तिथे जायला सांगा.

काही भाग खरोखर गरीब आहेत. डॉर्टमुंड स्थानकाच्या उत्तरेकडची नॉर्डश्टाट वस्ती, गेल्झेनकिर्खेनचा बराच भाग, तिथे बेकारी आहे आणि नाराजीही आहे. फेब्रुवारी २०२५च्या संसदीय निवडणुकीत गेल्झेनकिर्खेनमध्ये पक्षाला द्यायच्या मतांत स्थलांतरविरोधी एएफडी पहिल्या क्रमांकावर राहिला. हे मुलांपासून लपवू नका, त्यांना सावध करा. पण हा प्रदेश बाहेरच्यांच्या कष्टावरच उभा राहिला आहे. आधी पोलिश आले, १९६१च्या करारानंतर तुर्की आले, आणि त्यांची तिसरी-चौथी पिढी आज त्याच विद्यापीठांत शिकते आहे. परक्या आडनावाचा माणूस इथे नवलाचा नाही. घरच्यांना दिलासा वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे, पूर्वेकडच्या हाममध्ये तमिळ लोकांनी बांधलेलं कामाक्षी अम्मनचं मोठं मंदिर आहे.

हवा-पाण्याची काळजी असेल, तर इथली जी एम्शर नदी शंभरहून अधिक वर्षं उघडं गटार होती, ती २०२१च्या अखेरीस सांडपाण्यातून मुक्त झाली. त्यासाठी तीस वर्षं आणि साडेपाच अब्ज युरो लागले.

कुणी जाऊ नये?

ज्याला जर्मन शिकायचीच नाही, त्याने जाऊ नये. घरावर कर्ज काढून, पहिल्याच महिन्यापासून मुलगा हप्ते फेडेल या भरवशावर असलेल्या कुटुंबाने पाठवू नये. मित्र चालले म्हणून निघालेल्याने आधी स्वतःशी बोलावं. आणि एजंटने सुचवलेल्या, वर्षाला दहा-बारा लाख फी घेणाऱ्या खासगी संस्थेत प्रवेश असेल, तर स्वस्त शहराचा सगळा फायदा तिथेच संपतो.

होकार कळवण्याआधी

१. संस्था सरकारी आहे का, ते एजंटला न विचारता विद्यापीठाच्या आणि डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

२. अभ्यासक्रमातल्या दोन प्राध्यापकांची नावं काढा आणि त्यांच्याकडे प्रबंध केलेले विद्यार्थी आज कुठे आहेत, ते लिंक्डइनवर शोधा.

३. रेल्वेने पाऊण ते सव्वा तासाच्या टप्प्यातल्या कंपन्यांच्या वेर्कश्टुडेंटसाठीच्या वीस जाहिराती वाचा. किती जाहिराती जर्मन मागतात आणि कोणत्या पातळीचं मागतात, ते लिहून काढा.

४. वसतिगृहासाठी प्रवेशपत्र येताच अर्ज करा. रांग मोठी असते.

५. तिथे शिकणाऱ्या दोघांशी बोला. त्यातला एक जण नोकरी न मिळालेला असावा, कारण काय अडलं, ते तोच नेमकं सांगेल.

पालकांनो, एक वर्ष थांबून मोठ्या शहराची वाट पाहणं हाही खर्चच आहे. त्या वर्षाचा पगार जातो, उमेद जाते आणि पुढच्या वर्षी प्रवेश मिळेलच, याची हमी कुणी देत नाही. वरच्या पाच गोष्टी तपासून कौल बरा आला, तर शहराच्या नावासाठी अडून बसू नका. होकार कळवा आणि त्याच आठवड्यात मुलाचं नाव जर्मनच्या पुढच्या वर्गात घाला.