गृहशास्त्राचा तास

शाळेत गृहशास्त्राचा तास असतो. कोणी विचारतात, "स्वयंपाक तर घरी आई शिकवते. त्याला शाळा कशाला?" विचारणे रास्त आहे. पण स्वयंपाक येणे निराळे, आणि कशाने रक्त वाढते, कशाने हाडे घट्ट होतात हे कळणे निराळे. या तासाला हे दुसरे शिकवतात.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून ठेवले. घरसंसार आणि आरोग्य हे विषयही अभ्यासात घेतले. कर्वे कोकणातले, मुरुडचे. पण आपले मुरुड-जंजिरा नव्हे बरं का! दापोलीकडचे मुरुड.

आता या तासाला शिकवावे काय? सफरचंदाचे चित्र दाखवून आगरदांड्याच्या मुलांना काय मिळणार? आम्हांला वाटते, धडा मुलांच्या ताटापासूनच सुरू करावा. आपल्या ताटात काय असते? भात आणि मासळीचे कालवण. मासळी नसेल तेव्हा सुकट. मग भातापासूनच सुरुवात करू.

जावा बेटावर आइकमान नावाचे एक डच डॉक्टर होते. १८९० च्या सुमाराची गोष्ट. त्यांच्या आवारातल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. कोंबड्यांना पांढऱ्या, घासलेल्या तांदळाचा भात मिळत होता. तो बंद करून कोंड्यासकट तांदूळ दिला, तर त्या बऱ्या झाल्या! माणसांनाही असाच एक रोग होत असे. त्याला बेरीबेरी म्हणतात. पुढे कळले, की तांदळाच्या कोंड्यात एक जीवनसत्त्व असते. गिरणीत तांदूळ फार घासला, की ते निघून जाते. या शोधाबद्दल आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तांदळात जे थोडे सत्त्व उरते, तेही आपण घालवतो. तांदूळ चार-चार वेळा चोळून धुतो. भात वेळतो आणि पेज ओतून देतो. सत्त्व त्या पाण्यातच जाते. म्हणून तांदूळ एक-दोन पाण्यांतच धुवावा. पेज टाकू नये, मीठ घालून प्यावी. आपले वाडवडील पीतच होते की! पांढरा भात हे मोठेपणाचे लक्षण झाले, तेव्हापासून पेजेची लाज वाटू लागली.

आता हाडांचे पाहू. हाडांना चुना लागतो. म्हणजे पानाला लावायचा चुना नव्हे, अन्नातला. तांदळात तो फारच थोडा असतो. नाचणीत पुष्कळ असतो. वजनाला वजन धरले, तर दुधाच्या दुपटीहून जास्त. डोंगराच्या वरकस जमिनीवर पिकते म्हणून नाचणीला हलके धान्य म्हणतात. हलके कसले! जवळा आणि बारीक मांदेली आपण काट्यांसकट खातो. त्यांतूनही हाडांना चुना मिळतो.

राहिले रक्त. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला दम लागतो, चक्कर येते. बाळंतपणात तिच्या जिवाला धोका असतो. लोक म्हणतात, "नाजूकच आहे ती." नाजूक नव्हे, तिच्या रक्तात लोह कमी आहे. मासळी, मटण, शेवग्याचा पाला, माठ यांतून लोह मिळते. पालेभाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा घ्यावा. मग ते लोह अंगी लागते. जेवल्या-जेवल्या चहा प्याला, तर ते नीट लागत नाही. चहा तास-दीड तासाने घ्यावा. फार दम लागत असेल, तर मात्र दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात.

हे सारे मुलींनीच का शिकावे? मुलग्यांनाही या तासाला बसवावे. बाजारातून मासळी आणणारा पुरुष, आणि पहिले ताटही त्याचेच. कालवणातल्या तुकड्या आधी पुरुषांना, मग मुलांना. बाईच्या वाट्याला राहतो रस्सा. रक्त तिलाच जास्त लागते, कारण दर महिन्याला तिचे रक्त जाते.

गुरुजींनी, बाईंनी मुलांना घरून लिहून आणायला एक प्रश्न द्यावा. आपणही आज वहीत त्याचे उत्तर लिहू या:

काल रात्री आपल्या घरात शेवटी कोण जेवले? त्यांच्या ताटात काय काय होते?